रुपया काट्यावर

नाण्यांचा इतिहास बहुधा त्यांच्यावरच्या चित्रांतून सांगितला जातो. राणीचा मुखवटा, अशोकस्तंभावरचे सिंह, गव्हाची लोंबी. मला तो मापांतून वाचायला आवडतो. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि एक लोहचुंबक जवळ असला की जवळजवळ दोन शतकांचा रुपया टेबलावर मांडता येतो.

१८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांतले अकरा भाग चांदी. तोळ्याचे सरकारी वजनही नेमके हेच. त्यामुळे सोनाराला किंवा वैद्याला तोळ्याचे निराळे वजन शोधायला नको. रुपयाभार म्हटले की काम भागे. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर. अधेली रुपयाच्या निम्म्या वजनाची, पावली पाव वजनाची. असे नाणे हलके भरले तर तो थेट चांदीचा तोटा, म्हणून काटा आणि विश्वास ही एकच गोष्ट होती.

दुसऱ्या महायुद्धात चांदी टंचाईची झाली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. वजन मात्र तेच राहिले. १९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा, तरीही ११.६६ ग्रॅमचाच. चांदी गेली, पण तिची अब्रू वजनाने राखली, असे म्हणायला हरकत नाही. इथे चुंबक कामाला येतो: चांदीचा रुपया त्याला दाद देत नाही, निकेलचा चटकन चिकटतो.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. पंचवीस नव्या पैशांचे निकेलचे नाणे अडीच ग्रॅमचे, पन्नासाचे पाच, आणि त्या मालेतला रुपया दहा ग्रॅमचा. तिन्ही नाणी एकाच पिशवीत मिसळून तोलली तरी रक्कम निघावी, इतका स्वच्छ हिशेब! पुढे धातूंच्या भावांनी तो मोडला. साठच्या दशकात एक पैसा ॲल्युमिनियमचा झाला, वजन पाऊण ग्रॅम. तांबे-निकेलचा रुपया १९७५ मध्ये आठ ग्रॅमवर आणि १९८३ मध्ये सहावर आला. १९९२ चा स्टेनलेस स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा, व्यास २५ मिलिमीटर. हे स्टील पुन्हा चुंबकाला चिकटणारे. तेही महाग पडू लागले: भारतीय नाणी बांगलादेशात वितळवून त्यांची दाढीची पाती करतात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास गाजल्या.

मोजताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नाण्याची कड मधल्या भागापेक्षा उंच असते, म्हणून जाडी कडेवर घ्यायची. आणि कोनी नाण्याचा व्यास कोणत्या दिशेने धरला, हे लिहून ठेवायचे. नकली राणीछाप रुपया ओळखायलाही हीच मापे उपयोगी पडतात. व्यास आणि जाडी हुबेहूब जुळवणारा कारागीर हलक्या धातूवर चांदीचा मुलामा चढवतो, पण वजनात उघडा पडतो. तिन्ही मापे एकदम जुळवायची तर धातूही तेवढाच जड हवा.

नव्वदच्या दशकातली एक जोडी मला अजून खटकते. तांबे-निकेलचा एक रुपया सहा ग्रॅमचा, २६ मिलिमीटरचा; दोन रुपयेही सहा ग्रॅमचे, २६ मिलिमीटरचेच. फरक फक्त दोन रुपयांच्या अकरा कोनांचा, म्हणजे अंधाऱ्या बसमध्ये कंडक्टरने अंगठ्यानेच नाणे ओळखायचे.

२०११ मध्ये तर अख्खी शिडी एक पायरी खाली सरकली. नवा रुपया ३.७९ ग्रॅमचा, २२ मिलिमीटरचा. जुन्या स्टीलच्या आठ आण्याचे हेच माप. नवे दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे, २५ मिलिमीटरचे, म्हणजे मोजमापाने १९९२ चा रुपया. टाकसाळीच्या खर्चाच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण जुनी नाणी बाजारात असतानाच हे झाले. डोळ्यांनी आकडा वाचणाऱ्याचे निभावते. बोटांनी नाणे ओळखणाऱ्या दृष्टिहीन माणसाने काय करावे?

त्याचा विचार २०१९ च्या मालेत दिसतो. एक रुपया २० मिलिमीटर, दोन २३, पाच २५, दहा २७. वीस रुपयेही २७ चेच, पण बारा कोनी. वजनही किमतीबरोबर चढत जाते: ३.०९ ग्रॅमपासून ८.५४ पर्यंत. माला म्हणून ती सुरेख बांधली आहे. मात्र ती एकटी खिशात येत नाही. १९९२ चा रुपया, २०११ चे दोन रुपये आणि २०१९ चे पाच रुपये असे तीन तुकडे कॅलिपरमध्ये धरून पाहिले, तर तिन्हींचा व्यास २५ मिलिमीटरच भरतो, आणि तिन्ही आजही कायदेशीर चलन आहेत. पाचाचे नाणे पिवळ्या धातूचे आणि ६.७४ ग्रॅमचे असल्याने रंग आणि वजन त्याला वेगळे काढतात. उरलेल्या दोघांत ना व्यासाचा भेद, ना वजनाचा, ना चुंबकाचा. तिथे आकडाच वाचावा लागतो.