विमानातून सायकल नेताना

सुट्टीत भारतात गेले की महिनाभर पंगती झडतात आणि व्यायाम मात्र रजेवर जातो! तीन वर्षांपूर्वी माझी ए-वन-सी ५.९ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम हवाच, असे डॉक्टरांनी बजावले. तेव्हापासून मी सायकल चालवतो आणि पुण्याला जातानाही तीच नेतो. आपल्या मापाला बसवलेली सायकल असली की गुडघे कुरकुरत नाहीत. इच्छुकांसाठी ही माहिती.

तिकिटाआधी विमान कंपनीला दर विचारून उत्तर लेखी घ्यावे. काही कंपन्या सायकल नेहमीच्या बॅगेत मोजतात, काही वेगळे पैसे घेतात. बॅगेची मर्यादा बहुधा २३ किलो असते. माझी सायकल खोक्यासकट १६ किलो भरते. म्हणजे एक बॅग गेली; मग चॉकलेटे कुठे ठेवायची, हा आमच्या सौ.चा प्रश्न रास्तच आहे!

सायकलच्या दुकानात पुठ्ठ्याचा रिकामा खोका बहुधा फुकट मिळतो. सीटच्या दांड्यावर उंचीची खूण म्हणून चिकटपट्टी लावावी आणि मगच दांडा काढावा. पेडल काढायला सहसा १५ मिलिमीटरचा पाना लागतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची सोपी युक्ती अशी: पाना वरच्या दिशेने उभा लावून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पेडल सुटतात. मागचा डिरेलर सोडवून, कापडात गुंडाळून आत बांधावा. पुढचे चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये आधार घालावा, नाहीतर वरून वजन पडले की ती दबतात. डिस्क ब्रेक असल्यास पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा. टायरमध्ये थोडी हवा राहू द्यावी, त्याने रिमला मार बसत नाही. सुटे स्क्रू एका पिशवीत घालून ती फ्रेमला बांधावी.

तपासणीत खोका उघडला जाऊ शकतो. म्हणून भरलेल्या खोक्याचा फोटो झाकणाच्या आतून चिकटवावा. उघडणाऱ्याला सामान पुन्हा तसेच लावता येते. विजेवरची सायकल मात्र घरीच बरी. प्रवाशाला १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही, आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या सहसा त्याहून बऱ्याच मोठ्या असतात.

आता पैशाची बाजू. अमेरिका-भारत प्रवासाला १९९९चा माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून सामानाच्या नुकसानीची भरपाई प्रत्येक प्रवाशाला जास्तीत जास्त १,५१९ एसडीआर, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर मिळू शकते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. सायकल त्याहून महाग असेल, तर सामान देतानाच तिची किंमत जाहीर करावी. त्यासाठी जादा आकार पडू शकतो. खरेदीची पावती आणि फोटो जवळ असावेत. खोका विमानतळावरच उघडून पाहावा. मोडतोड दिसली तर तिथेच कळवावे, आणि लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत द्यावी. मुदत टळली की हक्क गेलाच म्हणून समजा.

पहिल्यांदा बांधाबांधीला तीन तास धरावेत, आणि हे काम निघायच्या आदल्या रात्रीवर टाकू नये. पुढच्या खेपेला तासाभरात हात बसतो.