सनद, सरंजाम आणि सार्वभौमत्व

केरीच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की थोड्याच वेळात तेरेखोल नदीचा उत्तर काठ लागतो, आणि तेथे, पाठीशी सिंधुदुर्गाची भूमी असताना, पेडणे तालुक्याचा एक चतकोर तुकडा किल्ल्यासह गोव्यात मोडतो. जागतिक राजकारणाचे अभ्यासक ज्याला सार्वभौमत्व म्हणतात, त्याचे मर्म जाणून घेण्यास याहून चांगली पाठशाळा मला ठाऊक नाही.

मुलखावर कायदा करण्याचा आणि तो चालवण्याचा सर्वोच्च अधिकार म्हणजे सार्वभौमत्व. पण तो येतो कोठून? डिचोली पोर्तुगीजांनी 1781 मध्ये शस्त्रबळाने घेतली. पेडणे मात्र सावंतवाडीच्या खेम सावंतांनी, कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून, 1788 च्या तहाने त्यांच्या हवाली केले, आणि रयतेस कोणी विचारले नाही.

अशा कागदाचा अर्थ किती बारकाईने लावावा लागतो, हे दादरा व नगर हवेलीच्या खटल्यात दिसले. 1954 मध्ये तो प्रदेश हातचा गेल्यावर पोर्तुगालने पेशवाईतील तह आणि सनदा पुढे करून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात फिर्याद गुदरली. त्यावर 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क होता, राज्य नव्हे. सार्वभौमत्व पुढे इंग्रजांच्या मान्यतेने आले. तेव्हापासूनच्या वहिवाटीने मुलकी अधिकारी, प्रवासी व माल यांना भारतीय मुलखातून त्या प्रदेशात जाण्याची वाट होती, फौजेला व हत्यारांना नव्हती, आणि वाट अडवण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही. आपल्या दप्तरातला एक जुना शब्द जगाच्या न्यायासनापुढे असा तोलला गेला, याचा मला मनस्वी अभिमान वाटतो.

रयतेचा प्रश्न मात्र उरलाच होता. स्वयंनिर्णयाचे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत 1945 मध्येच आले. पोर्तुगालने 1951 मध्ये वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ हे नाव देऊन ते टाळू पाहिले. पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्या नामांतराची किंमत उघड झाली. डिसेंबर 1960 मध्ये आमसभेने गोव्याची गणना अस्वायत्त प्रदेशांत केली. वर्षभराने भारतीय सैन्य आत शिरले, आणि सुरक्षा समितीत भारताविरुद्ध आलेला ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने फेटाळला गेला.

भारताच्या सार्वभौमत्वाला पोर्तुगालची मान्यता मिळाली ती लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर, 31 डिसेंबर 1974 च्या करारान्वये. तोवर पेडणे-डिचोलीच्या मतदारांनी विधानसभेसाठी तीनदा, आणि महाराष्ट्रात विलीन व्हावे की नाही यावर 16 जानेवारी 1967 रोजी एकदा, आपला कौल दिलेला होता.