ओढ्याचा पूर माथ्यावर अडवा : पाणलोटातील कामांचे नियोजन

आषाढात एखाद्या रात्री तासा-दीड तासात दोन इंच पाऊस कोसळतो. सकाळी पाहावे तर ओढाकाठच्या वावरात रेतीगोटे पसरलेले, मधल्या शेतातला बांध फुटलेला, आणि गेल्या वर्षी गुडघाभर असलेली ओघळ कमरेएवढी झालेली. मग ओढ्याला बांध घालून द्या अशी मागणी गावातून होते. मागणी रास्त आहे. परंतु पूर ओढ्यात तयार होत नाही, तो माथ्यावर तयार होतो. म्हणून नियोजनाला सुरुवातही तेथूनच करावी लागते.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. दोन इंच, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटर पाऊस ४० हेक्टरच्या (१०० एकर) लहानशा पाणलोटावर पडला तर दोन कोटी लिटर पाणी होते. यातील एक तृतीयांश जरी वाहिले तरी ६५ लाख लिटरहून अधिक पाणी थोड्या वेळात एकाच ओढ्यात उतरते. शिवाय वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ताकद चौपट होते. हे पाणी बरोबर माती नेते. एक हेक्टरवरची केवळ एक सेंटिमीटर माती म्हणजे सुमारे १३० टन. तेवढे शेणखत टाकायचे म्हटले तर किती गाड्या लागतील, याचा विचार शेतकरी बंधूंनी करावा.

नियोजनासाठी गावाची शीव न धरता पाणलोटाची शीव धरावी. गावचा नकाशा घेऊन, शक्यतो भर पावसात, शिवारफेरी करावी. पाणी कोठून फुटते, कोणत्या गटातून ओघळ सुरू होते, कोणती पांदण पावसाळ्यात ओढा बनते, पुराचे पाणी कोठपर्यंत चढले होते, हे नकाशावर मांडावे. ओढा पूर्वी किती रुंद होता हे जुन्या माणसांना विचारावे. पुष्कळ ठिकाणी दोन्ही काठांनी चार-चार तास वाढवून ओढ्याची नाली करून ठेवलेली आढळते. पाणी आपली जागा विसरत नाही. अशा ठिकाणी पात्र पूर्ववत केल्याशिवाय कोणतेही बांधकाम टिकणार नाही.

माथा आणि उतार

डोंगरउतारावर सलग समपातळी चर खोदावेत. ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चरात दर मीटर लांबीला १८० लिटर पाणी मावते. दोन चरांत १० मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी १००० मीटर चर होतो आणि १८ मिलिमीटर वाहते पाणी जागीच थांबते. आखणी डोळ्यांच्या अंदाजाने करू नये. ए आकाराची चौकट किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली तर गावातील शिकलेली मुलेही बिनचूक आखणी करतात. चर एका टोकाला थोडा जरी खाली गेला तरी सारे पाणी त्या टोकाला जमून तेथूनच नवीन ओघळ पडते. चराच्या खालच्या बाजूच्या मातीवर गवत व झाडे लावावीत आणि त्या भागात चराईबंदी पाळावी. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात डोंगरावर चर खोदताना चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही पाळली. नुसते चर दोन-चार पावसाळ्यांत गाळाने भरतात.

हलक्या व मध्यम जमिनीत, कमी पावसाच्या भागात समपातळी बांध चालतात. भारी काळ्या जमिनीत मात्र ते घालू नयेत. तेथे पाणी तुंबून पीक पिवळे पडते, उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि पहिल्या जोराच्या पावसात तो फुटतो. अशा जमिनीत १०० मीटरला २० ते ४० सेंटिमीटर ढाळ देऊन बांध घालावेत व पाणी गवत लावलेल्या चारीतून ओढ्यात सोडावे. नांगरट, पेरणी उताराला आडवी करावी. याला पैसा लागत नाही, तरीही ती सर्वांत जास्त टाळली जाते.

शेजाऱ्याचे पाणी

पाणलोटातील निम्मे तंटे येथेच होतात. वरचा शेतकरी तुंबलेले पाणी काढण्यासाठी रात्री बांध फोडतो, खालच्याची पेरणी वाहून जाते. पुढच्या वर्षी खालचा आपला बांध उंच करतो आणि पाणी तिसऱ्याच्या वावरात शिरते. म्हणून प्रत्येक बांधाला सांडवा असावा, आणि एका शेताचा सांडवा दुसऱ्याच्या शेतात कोठे उतरणार हे दोघांनी उन्हाळ्यातच उभे राहून ठरवावे. सांडव्यास दगडी पिचिंग करावे. पाणी बाहेर काढण्याच्या चारीला थोडी जमीन जाते, त्याबद्दल कुरकुर होते; पण ओघळ त्याहून अधिक जमीन घेते आणि ती विचारून घेत नाही.

ओघळ आणि ओढा

ओघळीत अनगड दगडांचे बांध साखळीने, वरून खाली घालावेत. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याशी समपातळीत यावा. ५ टक्के उतारावर एक मीटर उंचीच्या दोन बांधांत २० मीटर अंतर येते. बांधाचा मध्य कडांपेक्षा खोलगट ठेवावा व कडा काठात घुसवाव्यात, नाहीतर पाणी बगल देऊन काठ पोखरते.

माती नालाबांध तळाचा उतार ३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तेथेच घ्यावा. तो फुटतो बहुधा अपुऱ्या सांडव्यामुळे. वरील ४० हेक्टर पाणलोटात चर-बांधांची कामे झालेली असतील आणि पाऊस तासाला ७५ मिलिमीटर या वेगाने पडत असेल, तर सेकंदाला सुमारे अडीच घनमीटर पाणी येईल. सांडव्यावरून अर्धा मीटर जाडीची धार धरल्यास सव्वाचार मीटर रुंदी पुरते. तोच पाणलोट उघडाबोडका असेल तर पाणी सव्वाचार घनमीटरच्या आसपास जाते आणि सात मीटर रुंदी लागते. बांधाचा माथा सांडव्याच्या पातळीपेक्षा किमान एक मीटर उंच ठेवावा. सांडवा भरावात न काढता बाजूच्या कठीण मुरमात काढावा. प्रत्यक्ष आराखडा मात्र मृद व जलसंधारण विभागाच्या किंवा कृषी विभागाच्या तंत्रज्ञांकडून करून घ्यावा.

पैसा अपुरा असेल तर नालाबांध पुढच्या वर्षावर टाकावा, माथ्याचे काम टाकू नये. गावाला नालाबांध दिसतो, फोटोही त्याचाच निघतो, चर कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी क्रम उलटा झाला आणि चार वर्षांत बंधारे गाळाने भरले. यंत्राने ओढा सरळ व खोल करण्याचेही तसेच आहे. वळणे काढली की पाण्याचा वेग वाढतो आणि आपला पूर खालच्या गावाच्या गळ्यात पडतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा शिवारफेरी करावी. बांधावर उंदरा-खेकड्यांची बिळे, खचलेला भराव, सांडव्यात अडकलेली काटेरी झुडपे पाहावीत. टोपलीभर मातीने बुजणारे भोक त्याच दिवशी बुजवावे. पुढचा पाऊस कधी येईल हे कोणी सांगितलेले नसते.