साबणाच्या डबीतील खेळयंत्र

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत विजेच्या उपकरणावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. सुट्टीत घरी आलेली मुले दिवसभर मोबाईलवर खेळत बसतात, ही पालकसभेत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. वसतिगृहात मोबाईल जमा करून घेतला की प्रश्न मिटला, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. एकदा दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीतील एका मुलाने विचारले, "सर, मोबाईल नको, पण खेळाचे यंत्र आम्हीच बनवले तर चालेल का?" नाही म्हणण्यास मला कारण सापडेना.

अशा यंत्रांचा इतिहास चाळताना जपानमधील गुनपेई योकोई यांची ओळख झाली. १९६५ साली ते निन्तेंदो कंपनीत नोकरीस लागले. कंपनी तेव्हा खेळायचे पत्ते तयार करीत असे आणि योकोई यांच्याकडे तेथील यंत्रांची देखभाल होती; आपल्या पट्ट्यातील भाषेत, ते मेंटेनन्सला होते. फावल्या वेळात त्यांनी लांब होऊन वस्तू पकडणारा एक खेळण्यातला हात बनविला. तो मालकांच्या नजरेस पडला आणि १९६६ मध्ये बाजारात आला. पुढे १९८९ मध्ये त्यांच्याच विभागाने 'गेम बॉय' हे यंत्र घडविले. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते; याचा पडदा हिरवट, चारच छटांचा. परंतु स्वस्त व पारखलेले भाग वापरल्यामुळे ते चार पेन्सिल सेलवर कितीतरी तास चाले. रंगीत यंत्रे सेल भराभर संपवीत, आणि तीच मागे पडली. जुन्या तंत्राचा नवा उपयोग शोधावा, हे योकोई यांचे सूत्र होते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत मेंटेनन्सला असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना ही हकीकत मी मुद्दाम सांगत आहे.

आज तेच सूत्र शाळेच्या टेबलावर आणता येते. लागणारे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतात आणि एकूण खर्च साधारण हजार रुपयांच्या आत बसतो. यंत्राचा मेंदू म्हणजे 'आर्डुइनो नॅनो' ही बोटाएवढी पट्टी. त्याखेरीज सुमारे एक इंच रुंदीचा ओलेड पडदा, पाच-सहा दाबबटणे, एक छोटा बझर, एक लिथियम सेल व त्याचा होल्डर, सेल भरणारी सुरक्षा-परिपथासह येणारी पट्टी, सेलचा दाब ५ व्होल्टपर्यंत चढविणारी पट्टी आणि एक स्विच.

पडद्यावर आडवे १२८ आणि उभे ६४, म्हणजे एकूण ८१९२ ठिपके असतात. प्रत्येक ठिपका एकतर उजळलेला, नाहीतर विझलेला. आठ ठिपक्यांची नोंद एका बाइटमध्ये मावते. म्हणून संपूर्ण चित्रास १०२४ बाइट लागतात. नॅनोची कामाची स्मृती अवघी २०४८ बाइटची. अर्धी स्मृती चित्रातच गेली! उरलेल्या अर्ध्या जागेत चेंडू कोठे आहे, गुण किती झाले, हे सारे बसवायचे. काटकसर म्हणजे काय, हे मुलांना येथे आकड्यांनिशी कळते.

खेळ चालतो तो तीन कामांच्या फेऱ्यांनी: बटणे पाहणे, चेंडूची नवी जागा काढणे, चित्र पुन्हा रेखाटणे. ही फेरी सेकंदाला वीस-तीस वेळा झाली की डोळ्यांना चेंडू धावताना दिसतो. बटणाची गंमत वेगळीच. दाबताना आतील पत्रा काही क्षण थरथरतो आणि एक दाब पाच वेळा मोजला जातो. म्हणून पहिल्या दाबानंतर सुमारे २० मिलिसेकंद थांबण्याची आज्ञा लिहावी लागते.

जोडणीत मी स्वतः चूक केली. उत्साहाच्या भरात सर्व तारांना एकदम डाख दिला. पडदा काळाच राहिला. दोन तारांची अदलाबदल झाली होती, आणि ती त्या आठवीतल्या मुलानेच शोधली. तेव्हापासून आमचा क्रम ठरला. आधी ब्रेडबोर्डवर, संगणकाच्या वायरीवर, केवळ पडदा उजळवायचा, मग एक बटण, मग चेंडू, शेवटी सेल आणि डाख. सेलबाबत तडजोड नाही. फुगलेला किंवा भंगारातला सेल वापरायचा नाही, सेलवर थेट डाख द्यायचा नाही, आणि संगणकाची वायर लावताना सेलचा स्विच बंदच ठेवायचा. पेटीसाठी फार शोधावे लागले नाही. वसतिगृहात प्रत्येकाकडे साबणाची डबी असतेच.

असे शिक्षण आपल्या जिल्ह्यास नवे नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करीत शिकावे, हा त्याचा पाया. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहकार्याने २००२ मध्ये तेथे फॅब लॅब उभी राहिली. जगातील अगदी सुरुवातीच्या अशा प्रयोगशाळांपैकी ती एक आहे. तळवड्याहून पाबळ एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे.

मोबाईलमधील खेळ दुसऱ्या कोणीतरी रचलेला असतो; तो कधी थांबवावा, हेही मुलाच्या हाती उरत नाही. साबणाच्या डबीतला चेंडू किती वेगाने पळावा, हे मात्र ते मूल स्वतः ठरवते. वेग वाढवून पाहते, खेळ अवघड झाला की कमी करते, आणि हे करताना गणित शिकते. त्या मुलाने पहिला डाव स्वतः न खेळता यंत्र आईच्या हाती दिले. ती माउली तळवड्याच्या एका कारखान्यात दिवसभर वायरी जोडते. तिने खेळाआधी डबी उघडून आतला डाख पाहिला आणि म्हणाली, "हा इथला कच्चा आहे, पुन्हा दे."

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आणि पालकांना विनंती एवढीच की, महिन्यातील एक रविवार शाळेस द्यावा. आपल्या हातात जे कसब आहे, ते मुलांच्या पुस्तकात नाही.