साइट उघडत नाही? आधी तारीख बघा

जुन्या कॉम्प्युटरवर साइट उघडेना की राउटर बंद-चालू होतो, नाहीतर नेटवाल्याला फोन जातो. पण स्क्रीनवर ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ आलं असेल, तर नेट बहुधा चालूच आहे. अडवतोय तो ब्राउझर. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते आणि ती ब्राउझर कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळात 2015 साल असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून आधी कोपऱ्यातली तारीख, सालासकट, नीट वाचा.

कुणी म्हणेल, तीच साइट मोबाइलवर उघडते की! उघडणारच, त्याची तारीख बरोबर असते; उलट त्यावरूनच संशय कॉम्प्युटरवर जातो. विंडोज वेळ आपोआप लावतं हेही खरं, पण तारीख फार मागे गेली की ते बरेचदा जमत नाही. मग हाताने लावा. प्लग काढल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा, 3 व्होल्टचा सीआर 2032 सेल संपलाय. तो स्वस्तात मिळतो. इशाऱ्याच्या स्क्रीनवरचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबून पुढे जाणं मात्र बँकेच्या साइटवर अजिबात नको, कारण खोटी साइट असली तरी इशारा असाच दिसू शकतो.