बिनतारी होडी

"साठी उलटली तरी तुझें होड्या सोडण्याचें वय सरलें नाहीं काय?" असा प्रश्न आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं भर पंक्तींत विचारला, तेव्हां आम्ही मुकाट्यानें जेवत राहिलों. उत्तर देण्यासारखी स्थितिच नव्हती. आम्ही व आमचा चौदा वर्षांचा नातू अशा दोघांनीं चार महिने खपून बांधलेली नौका त्याच सकाळीं वाड्याच्या हौदांत सोडली होती, आणि सोडतांक्षणींच ती एका कुशीवर निजली होती. पुढें ती सरळ उभी राहिली, चालली, आणि एकदां तिनें आमच्या तोंडचें पाणीही पळविलें. तो सर्व प्रकार, व त्यांतून नवशिक्यास उपयोगी पडेल तेवढें, येथें सांगण्याचें योजिलें आहे.

दोरी नाहीं, तार नाहीं. कांठावर उभें राहून हातांतील पेटीच्या दांड्या हालवावयाच्या आणि पाण्यांतील नौका वळवावयाची, ही कल्पना वाटते तितकी नवी नव्हे. निकोला टेस्ला यानें 1898 सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत्-प्रदर्शनांत अशी नौका लोकांसमोर चालवून दाखविली. त्याच वर्षीं 8 नोव्हेंबर रोजीं तिचें अमेरिकन पेटंट त्यास मिळालें. त्या नौकेंत बॅटरी होती, पंखा होता, सुकाणूं होतें आणि दिवेही होते. आजच्या नौकेंत तत्त्वतः याहून निराळें कांहीं नाहीं. फरक पडला आहे तो वजनांत व किंमतींत.

हातांतील पेटीस ट्रान्समीटर म्हणतात व नौकेंतील ग्राहकास रिसीव्हर. रिसीव्हर सेकंदास सुमारें 50 वेळां एक लहानसा विद्युत्-स्पंद पुढें पाठवितो. तो स्पंद दीड सहस्रांश सेकंद टिकला तर सर्व्हो नांवाचें छोटें यंत्र मध्यावर राहतें, एक सहस्रांश टिकला तर एका बाजूस फिरतें, दोन सहस्रांश टिकला तर दुसऱ्या. सर्व्होच्या फिरण्यानें सुकाणूं फिरतें. तसेच स्पंद दुसऱ्या वाटेनें स्पीड कंट्रोलरकडे जातात व मोटारीचा वेग ठरवितात. पूर्वींचे संच 27 किंवा 40 मेगाहर्ट्झवर चालत. एकाच तळ्यावर दोघांचे स्फटिक एकाच कंपनसंख्येचे निघाले, कीं एकाची आज्ञा दुसऱ्याची नौका पाळी! हल्लींचे संच 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात व आपापल्या जोडीदारासच ओळखतात. आपल्या देशांत या पट्ट्यांतील अल्पशक्तीच्या यंत्रांस निराळा परवानाही लागत नाहीं. मात्र या लाटा पाण्यांतून जात नाहींत म्हटलें तरी चालेल. म्हणून रिसीव्हरची तार जलरेषेच्या वर, जितकी उंच बसवितां येईल तितकी बसवावी.

आतां आमच्या पहिल्या चुकीकडे वळूं. नातवास मासेमारीच्या ट्रॉलरची प्रतिकृति हवी होती. मूळ नौका 15 मीटर लांब, वजन 40 टन, असें आम्हीं धरून चाललों. प्रमाण ठरविलें पन्नासास एक. म्हणजे लांबी 30 सेंटिमीटर. टेबलावर ठेवण्यास सुबक, नेण्यास सोपी! आराखडा पुरा झाला, लाकूडही आलें. मग एके रात्रीं नातू वही घेऊन आला व म्हणाला, "आजोबा, लांबी पन्नास पटींनीं कमी झाली; पण रुंदी व खोलीही तशाच कमी झाल्या ना? मग वजन पन्नासाच्या घनानें कमी व्हायला हवें." गणिताचें नांव काढतांच पोट दुखूं लागणारा हा मुलगा! पन्नासाचा घन 1,25,000. 40 टनांस त्यानें भागलें, तों 320 ग्रॅम आले. अर्किमिडीजच्या नियमाप्रमाणें एवढ्याच वजनाचें पाणी ती नौका बाजूस सारणार, आणि एवढाच भार पेलणार. आम्हीं आणलेली सहा घरांची निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी काट्यावर ठेवली, तर ती एकटीच त्याहून जड भरली. चाळीस वर्षें मुलांस शिकविलेला नियम आमच्याच ध्यानांत आला नव्हता. ती रात्र आम्हांस मोठ्या आनंदाची गेली, हें मात्र खरें.

मग वीसास एक असें प्रमाण घेतलें. लांबी 75 सेंटिमीटर, वजन बरोबर 5 किलो. नवशिक्यानें एवढी तरी मोठी, पोटानें रुंद व चालीनें मंद नौका घ्यावी. ट्रॉलर किंवा बंदरांतील टग त्यास उत्तम. वेगवान शर्यती नौकेच्या मागें प्रथमच लागूं नये. वेगाचेंही गणित आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानें एकोणिसाव्या शतकांत दाखवून दिल्याप्रमाणें प्रतिकृतीचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळानें कमी करावा. तरच तिच्या लाटा मूळ नौकेच्या लाटांसारख्या दिसतात. 8 सागरी मैलांच्या वेगाची नौका या हिशेबानें तासाला सव्वातीन किलोमीटर चालावी, म्हणजे कांठानें शतपावली करणाऱ्या गृहस्थाच्या बरोबरीनें.

बांधणीचा विस्तार करीत नाहीं. तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडच्या आडव्या चौकटी कण्यावर उभ्या कराव्या, त्यांवर फळ्या चढवाव्या, आणि आंतबाहेर दोन्हींकडून इपॉक्सी द्यावें. आंतली बाजू विसरणारे पुष्कळ असतात, व लाकूड कुजतें तें तेथूनच. भोजराजाच्या नांवावर असलेल्या युक्तिकल्पतरूंत समुद्रगामी नौकेच्या फळ्या लोखंडानें सांधूं नयेत, समुद्रांतील लोहचुंबक त्यांस ओढील, असें सांगितलें आहे. लोहचुंबकाची भीति आम्हांस नाहीं, पण गंजाची आहे. म्हणून आम्हीं पितळी स्क्रू वापरले. पंख्याचा दांडा मोटारीच्या अगदीं सरळ रेषेंत हवा, व तो ज्या नळींतून जातो तींत ग्रीस भरलेलें हवें. या एका कामास आम्हांस तीन रविवार लागले.

हौदांत नौका कां कलंडली? आम्हीं बॅटरी सोयीसाठीं वरच्या फळीवर ठेवली होती, आणि सुताराकडून करून घेतलेली सागवानी केबिन तर देखणी तितकीच जड होती. बॅटरी तळाशीं नेली, केबिन बाल्साची केली, आणि उरलेलें वजन शिशाच्या तुकड्यांनीं कण्यालगत भरून काढलें. या तळभारास कोकणांतील खलाशी नीरम म्हणतात. आतां नौका बोटानें कलती केली तरी आपोआप उभी राहते. लिथियम-पॉलिमर बॅटरी वजनास हलकी असते. परंतु चार्ज करतांना बिघडली तर पेट घेते. मुलाबाळांच्या घरांत तिच्यावर पहारा ठेवल्यावांचून ती कधींही चार्ज करूं नये, आणि रात्रीं तर नाहींच.

आश्विनांतील एका रविवारीं नौका गांवाबाहेरील तळ्यावर नेली. अर्धा तास तिनें सुरेख फेऱ्या घातल्या. मग कांठापासून तीस-चाळीस हातांवर ती एकाएकीं थांबली. दांडी पुढें केली, मागें केली. मोटार नुसती घुरघुरे. आम्ही चष्मा पुसून पाहत होतों तेवढ्यांत मागें पाण्याचा आवाज झाला. वळून पाहतों तों नातू मांडीइतक्या पाण्यांत! चपला कांठावर, आणि एक पाय गाळांत रुतलेला. त्या तळ्यांत पावसाळ्यानंतर किती गाळ असतो व गाळाखालीं कोठें उतार लागतो, हें गांवांतील कोणीही सांगेल. आम्ही ओरडलों नाहीं. ओरडल्यानें तो घाबरून पुढें पडला असता. "जागेवर थांब, हालूं नको," एवढेंच सांगितलें, उपरण्याचें टोंक त्याच्याकडे फेंकलें व दुसरें टोंक बाभळीच्या बुंध्यास गुंडाळून त्यास ओढून घेतलें. त्यास पोहतां येतें. गाळांत रुतलेल्या पायास त्याचा काय उपयोग?

कांठावर बसल्यावर तो रडूं लागला. "चार महिन्यांचें काम आहे, आजोबा," एवढेंच म्हणे. आम्हीं त्यास सांगितलें, कीं फळ्या पुन्हां आणतां येतात. नौका अडकली तर पाण्यांत उतरावयाचें नाहीं, मग ती बुडाली तरी चालेल, असा नियम तेथेंच ठरला, आणि तो आम्हांलाही लागू आहे असें त्यानें आमच्याकडून कबूल करून घेतलें.

मग दोघे वाट पाहत बसलों. सायंकाळीं वारा सुटला, आणि सूर्य कलल्यावर नौका हळूहळू सरकत पलीकडच्या घाटाच्या पायऱ्यांस येऊन टेकली. पंख्यास शेवाळाचा वीतभर लांब वेढा बसला होता. तो चाकूनें कापतांना काळोख पडला. घरीं पोहोंचल्यावर उशीर कां झाला हें नातवानेंच सर्व सांगितलें, कांहींही न लपवितां. बंधू ऐकून घेऊन उठून गेले.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या पेटीजवळ टेनिसचा एक जुना चेंडू व मासे धरण्याच्या नायलॉन दोऱ्याचें रीळ ठेवलेलें आढळलें. चेंडूस दोरा बांधून तो नौकेपलीकडे फेंकावा व दोरा हळूहळू ओढून तिला कांठाशीं आणावें, ही युक्ति बंधूंना कोणी सांगितली, तें त्यांनीं अद्याप आम्हांस कळविलेलें नाहीं.