बलक टाकू नका

उकडलेले अंडे सोलायचे, पांढरे तेवढे खायचे आणि बलक ताटाच्या कडेला सारायचा, ही सवय आता अनेक घरांत दिसते. व्यायाम करणारी मुले चरबी नको म्हणून बलक काढतात, चाळिशी उलटलेले कोलेस्टेरॉलच्या धास्तीने. अंड्यातला सर्वांत कसदार भाग मात्र तोच असतो.

एका अंड्यातला खाण्याजोगा भाग 50 ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातून साधारण 70 ते 75 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने बलकात असतात. अ आणि ड ही जीवनसत्त्वे, बहुतेक बी-12 आणि जवळजवळ सगळे कोलीनही बलकातच. पेशींची आवरणे आणि गर्भातल्या बाळाचा मेंदू घडायला कोलीन लागते. बलकाला पिवळा रंग देणारी ल्युटीन आणि झियाझँथिन ही द्रव्ये डोळ्यांच्या पडद्यातही आढळतात.

मग बलक बदनाम झाला कसा? 1913 मध्ये रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर साचले. ससा शाकाहारी, आहारातले कोलेस्टेरॉल पेलण्याची त्याच्या शरीराला सवयच नाही. माणसाचे यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते आणि आहारातून जास्त आले, तर बहुतेकांच्या शरीरात ही निर्मिती कमी होते. तरीही 1968 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नका, असे सांगितले आणि ती भीती जगभर पसरली. पुढे संशोधनाचा रोख संपृक्त चरबीकडे वळला. अमेरिकेच्या 2015च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून कोलेस्टेरॉलची रोजची 300 मिलिग्रॅमची मर्यादा वगळली गेली. एका अंड्यात संपृक्त चरबी दीड ग्रॅमच्या आसपास असते. 14 ग्रॅम लोण्यात ती सात ग्रॅम भरते. म्हणजे लोण्यात परतलेल्या बुर्जीत काळजी करायची ती लोण्याची.

निरोगी माणसाने रोज एक अंडे खायला हरकत नाही. मधुमेह, हृदयविकार किंवा आनुवंशिक उच्च कोलेस्टेरॉल असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दुधात कच्चे अंडे फोडून पिण्याची रीतही सोडावी. बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातली सुमारे 91 टक्के प्रथिने पचली, कच्च्यातली जेमतेम 51 टक्के. कच्च्या पांढऱ्यातले अविडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून ठेवते, शिवाय साल्मोनेलाच्या संसर्गाचा धोका असतोच. उलट, जास्त वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडा दिसली तर घाबरू नये. पांढऱ्यातले गंधक आणि बलकातले लोह यांच्या संयोगाने ती उमटते आणि ती निरुपद्रवी असते. कवचाचा रंगही कोंबडीच्या जातीवर ठरतो, त्यामुळे तपकिरी अंडे आपोआप अधिक पौष्टिक ठरत नाही.

अंडे म्हणजे पूर्ण जेवण मात्र नव्हे. त्यात तंतू नाहीत आणि क जीवनसत्त्वही नाही. कोंबडीचे पिल्लू ते आपल्या शरीरातच तयार करते, आपल्याला ते खावे लागते. म्हणून अंड्याच्या जोडीला पालेभाजी, टोमॅटो, लिंबू हवे. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, अंड्यात ते भरपूर असते. भाकरी आणि अंड्याची जोडी म्हणूनच उत्तम जमते. अंडे न खाणाऱ्यांना हेच काम डाळ आणि दुधातून साधता येते.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी हा सगळा हिशेब फार मोलाचा आहे. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला. ज्या मुलांच्या घरात दूध, डाळ आणि फळे रोज येत नाहीत, त्यांच्यासाठी ते अंडे पुन्हा सुरू व्हायला हवे आणि अंडे खाणाऱ्या प्रत्येक घरात मुलांच्या ताटात ते बलकासकट पडायला हवे.